दोन्ही बाजू

खानापुरात, तहसील कचेरीच्या समोर
माझं झेरॉक्सचं दुकान. मशीन एक, बाकडं एक,
आणि लाईट गेली की दोन्ही सारखीच.
लोक कागद आणतात कानडी, विचारतात मराठीत,
मी वाचून सांगतो. वाचायचे पैसे घेत नाही.
प्रतीचे दोन रुपये.

त्यामुळे निवडणूक मला सगळ्यांच्या आधी कळते.
जातीचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला,
सोनं किती, जमीन किती, गुन्हे किती,
सगळं माझ्या हातात गरमागरम पडतं.
गेल्या खेपेला एकच मोटारसायकल होती,
तीही भावाच्या नावावर.
ह्या खेपेला पुरवणी जोडावी लागली.

यल्लोजी बिर्जे स्वतः आले होते. पत्रक घेऊन.
"दोन्ही बाजू काढ. पुढं मराठी, मागं कानडी. पाचशे."
मशीन चालू असलं की माणूस वाचतोच.
पुढे मूठ वर, छाती पुढे :
पाटीवर मराठी येईस्तोवर पायात चप्पल घालणार नाही.
मागे तोच फोटो, पण हात जोडलेले.
सीमेचा उल्लेख नाही, चपलेचा नाही,
बोअरवेल आहे, आणि आपण सगळे एकाच आईची लेकरं.

मी म्हटलं, "साहेब, कागद पातळ हाय.
उजेडात धरला तर पलीकडचं दिसतंय."
ते हसले. "उजेडात कोण धरतंय गा?"
आणि उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला
पायात सरकवून गेले.
पाचशे प्रतींचे पैसे अजून यायचेत.

मत मी त्यांनाच दिलं. खोटं कशाला बोलू?
पुढची बाजू वाचून दिलं,
मागची पाठ असताना.
माझ्या बापानं असंच दिलं होतं, दुसऱ्या कुणाला तरी,
आणि शाई वाळेस्तोवर बोट जपून धरलं होतं,
जणू कुणी पुसून नेईल.

आता ते अध्यक्ष. अडीच वर्षं हे, अडीच वर्षं तम्माण्णा,
भंडारा उचलून ठरलंय रवळनाथाच्या पुढ्यात.
एकतिसाव्या महिन्यात देवालाच साक्षीला बोलवावं लागणार,
आणि देव काय बोलणार, कुठल्या भाषेत?
भांडण सभागृहात. चहा एकाच किटलीतला.
ठराव कानडीत का मराठीत यावर दोन तास गेले
आणि ठराव कशाचा होता ते
कुणी विचारलं नाही.

काल दुपारी शेवंताक्का आली. आमच्या वॉर्डाची मेंबर.
म्हणजे जागा बाईची म्हणून मेंबर.
सह्या तिच्या, शिक्का नवऱ्याच्या खिशात.
पदराखालून कागद काढला, आधी रस्ता बघितला,
"ह्यात काय हाय सांग की रे. सही माझी हाय."

वाचलं. ओढ्यावरचा साकव पूर्ण झाल्याचा दाखला.
लांबी, रुंदी, सिमेंटची पोती, सगळं नीट.
वाचता वाचता मी तिच्या साडीकडे बघितलं :
काठ गुडघ्याच्या वरपर्यंत ओला.
ती त्याच ओढ्यातून आली होती.

काही बोलली नाही. सहीवर बोट फिरवत राहिली,
वळणदार सही, शाळेत घोटलेली,
'शेवंता'तला 'व' जरा मोठा.
मग म्हणाली, "एक प्रत काढ."
सवयीनं मी विचारलं, "दोन्ही बाजू?"
"मागं काय हाय?"
"मागं कोरं हाय, अक्का."

"कोरंबी काढ," म्हणाली.
आणि त्याचेही
दोन रुपये दिले.